टलीवर्नांच्या नकाशातली पांढरी टाचणी

१

सोमवारी सकाळी फ्लोराने दार वाजवलं तेव्हा मी सियाच्या डब्यात पोळीचा रोल भरत होते. शेजारची फ्लोरा न कळवता कधी येत नाही. आधी मेसेज, मग फोन, मग माणूस, अशी तिची शिस्त. आज मात्र अंगात झोपायचा गाऊन आणि पायांत दोन वेगवेगळ्या सपाता होत्या.

"रेणू, राग मानू नकोस," ती म्हणाली. "काल सियाने डॅडच्या नकाशातून काही काढलं का?"

"आय डिडन्ट टच!" सिया आतून ओरडली. तीन वर्षांच्या मुलीला स्वतःचं नाव चार भिंतींपलीकडून ऐकू येतं. 'दूध पी' मात्र कानाशी सांगितलं तरी ऐकू येत नाही.

"एक टाचणी गेलीय," फ्लोरा म्हणाली. "डॅड सकाळपासून भिंतीकडे बोट करून ओरडतायत. 'फ्लोरा गेली, फ्लोरा गेली.' मी म्हटलं, डॅड, मी इथेच आहे. तर त्यांनी माझा हात झटकला. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, 'तू नाही. फ्लोरा.'"

साठीला आलेली ती उंच बाई आमच्या चपलांच्या रॅकवर मटकन बसली.

"गुरुवारी नर्स येणार आहे. घरच्यांना ओळखत नसतील तर त्यांना मेमरी वॉर्डात हलवायचं, असं ठरलंय. आजवर मी नाही म्हणत आले, कारण ते मला ओळखत होते. स्वतःच्या घरात मरायचंय, एवढं एकच त्यांनी माझ्याकडे मागितलंय. आता मी कशाच्या जोरावर नाही म्हणू?"

२

फ्लोराचे डॅड, आमचे आर्ची आजोबा, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत होते. आम्ही इथे, ओहायोतल्या डब्लिनमध्ये, राहायला आलो तेव्हा माझी अवस्था वाईट होती. पुण्यात मी नकाशांच्या कंपनीत काम करायचे. इथे केदारच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही, कडेवर तान्ही मुलगी. पहिल्याच आठवड्यात हे म्हातारबाबा कुंपणापाशी येऊन म्हणाले, "तुला नकाशे कळतात म्हणे. मग माझा बघायला ये."

त्यांच्या खोलीची एक अख्खी भिंत म्हणजे तो नकाशा. डावीकडे अमेरिका, उजवीकडे स्कॉटलंड, मधे रिकाम्या भिंतीचा पट्टा, म्हणजे अटलांटिक. त्यावर जगातल्या शोधून काढलेल्या प्रत्येक टलीवर्नाची मण्याची टाचणी. टलीवर्न हे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका दरीचं नाव. तिथल्या लोकांना तेच आडनाव पडलं.

"म्हणजे टलीवर्नकर!" केदार म्हणाला होता. "अगदी आपल्या हरचेकरांसारखं." आजोबांना ते इतकं आवडलं की पुढे कित्येक दिवस ते फोन उचलून "टलीवर्नकर बोलतोय" म्हणायचे.

मेंढ्या पाळायला जमीन हवी म्हणून मालकाने दरीतली माणसं हाकलली. त्यांच्या टाचण्या हिरव्या. काही नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर उतरली, काही कॅरोलायनाच्या जंगलात. त्यांची नातवंडं पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणींत आली, ती पिवळी. मग ओहायोच्या कारखान्यांत, निळी. आणि आज टेक्सस, ऑरेगन, कुठे कुठे, लाल. प्रत्येक टाचणीला कागदाचं इवलंसं निशाण, त्यावर नाव. ज्या दरीने हे नाव दिलं, तिथे आज या नावाचं एकही माणूस राहत नाही, हे सांगताना आजोबा दरवेळी चष्मा पुसायचे.

अधूनमधून काही पांढऱ्या टाचण्याही होत्या. त्यांना निशाण नव्हतं.

उन्हाळ्यात त्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. मोजकेच उरले. फ्लोराने पलंग असा लावून घेतला की डोळे उघडले की समोर भिंत.

त्या सोमवारी मी आत गेले तेव्हा ते दमून पडले होते. डाव्या हाताचं बोट मात्र अजून भिंतीकडे. मी बोटाच्या रेषेत गेले. पेनसिल्व्हेनिया, हॅरोज रन नावाचं खाणीचं गाव. तिथे फ्लोराची पिवळी टाचणी जागच्या जागी होती. तिच्याशेजारी कालपर्यंत एक पांढरी होती, एवढं मला नक्की आठवत होतं.

"पांढऱ्या कोणाच्या आहेत?" मी फ्लोराला विचारलं.

"कोणास ठाऊक. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, यांना निशाण का नाही? डॅड म्हणाले, 'त्या कुठे गेल्या नाहीत, म्हणून.' मला वाटलं, कागद संपला असेल."

सियाचा हात फार तर फ्लोरिडापर्यंत पोचतो. पलंगावर चढली असती तरी तिने लाल चकचकीत मणी सोडून फिकट पांढरा उचलला नसता. माझी मुलगी आहे, मला तिची आवड माहीत आहे. पण खरी गोष्ट पुढेच होती. टाचणी काढली की भोक राहतं. इथे भोक नव्हतं. मी नाक कागदाला लावलं.

पुदिन्याचा वास आला. कोणीतरी टूथपेस्टने भोक बुजवून वरून बोट फिरवलं होतं.

आणि टूथपेस्टने भोकं बुजवणारा माणूस आमच्याच नात्यात होता.

३

परीक्षित केदारचा मावसभाऊ. पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज गावी पीएचडी करतो, चौघांत एक अपार्टमेंट. शनिवारी तो आमच्याकडे जेवायला होता. फ्लोरा आणि आजोबांचा धाकटा भाऊ डंकन, दोघांनाही मी बोलावलं होतं. मिसळ खाता खाता परीक्षितने सगळ्यांना शिकवलं होतं की घर सोडताना भिंतीतली खिळ्यांची भोकं टूथपेस्टने कशी भरायची.

मी फोन लावला.

"वहिनी, सीरियसली?" तो म्हणाला. "मी आजोबांच्या टाचण्या चोरू? त्यापेक्षा तुझी चकली चोरली असती ना."

"ती पण चोरलीसच. डबा अर्धा झालाय."

"ते केदारदादाने. ऐक, मी शनिवारी रात्रीच निघालो, राइड मिळाली म्हणून. टाचणी कधी गेली?"

मी फोनमधले फोटो चाळले. रविवारी दुपारी सिया आजोबांना स्वतःचे नवे बूट दाखवत होती, तो फोटो. तिच्या डोक्यामागे पेनसिल्व्हेनिया. पिवळी टाचणी, शेजारी पांढरी.

"बरं, सुटलास," मी म्हटलं.

"थँक यू, युअर ऑनर. पण हॅरोज रन म्हणालीस ना? तिथे एक लोचा होता." तो जरा थांबला. हिवाळ्यात आजोबांनी एकेका टाचणीवर बोट ठेवून नावं सांगितली होती, मी ती फोनवर रेकॉर्ड केली होती. त्यावरून परीक्षित संगणकावरचा नकाशा बनवत होता. दिवाळीनंतर तो नकाशा इथल्या लायब्ररीत लागायचा होता, प्रत्येक टाचणीवर नाव आणि साल. "त्यात फ्लोरा दोनदा आली. तेच आईबाप, तेच गाव, फक्त सालात दोनचा फरक. एकच कशाला, अशा पुष्कळ जोड्या होत्या. म्हातारा माणूस, दोनदा सांगितलं असेल. मी सगळ्या मर्ज केल्या. आपल्याकडे कोणी दोन मुलींचं एकच नाव ठेवेल का?"

"नाही ठेवणार," मी म्हटलं. मलाही यात काही वावगं वाटलं नाही.

"तरी मी विचारलं होतं हां. शनिवारी, तू आत ताक करत होतीस तेव्हा. फ्लोरा बाहेर फोनवर होती. डंकन काकांना म्हटलं, दोन फ्लोरा दिसतायत, चूक आहे ना?"

"मग?"

"पाणी पीत होते, ठसका लागला त्यांना. मग म्हणाले, हो हो, चूकच आहे. एक काढून टाक. आणि लायब्ररीत लावायच्या आधी नीट बघ, दुसरी कुठे राहायला नको."

४

मंगळवारी सियाला शाळेत सोडून मी परत त्या भिंतीपाशी उभी राहिले. मांडीएवढ्या उंचीच्या स्टुलावर लॅपटॉप, कानात आजोबांचा हिवाळ्यातला आवाज. खणखणीत, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. तोच माणूस माझ्या पाठीमागे पडून नुसता श्वास घेत होता.

"उजवीकडून सुरू करू," आवाज म्हणाला. "दरी. मॉरॅग, अठराशे एकवीस." थोडी शांतता. "मॉरॅग, अठराशे तेवीस."

मी बोट ठेवलं. पहिल्या मॉरॅगच्या जागी पांढरी टाचणी. दुसऱ्या मॉरॅगच्या जागी निशाणवाली.

"एवन. एवन." पांढरी, हिरवी. नोव्हा स्कोशियाच्या बंदरात, "इझबेल," आणि जरा थांबून पुन्हा "इझबेल". पुन्हा तेच, आधी पांढरी, मग हिरवी. खाणीच्या गावांत तर पांढऱ्या दाटीवाटीने होत्या. दरवेळी पहिलं नाव घेतलं की आवाज तेवढाच थांबायचा. कोणीतरी जाईपर्यंत दार धरून उभं राहावं, तसा.

ही चूक नव्हती. चूक अशी नेमाने, सहा पिढ्या, एकाच क्रमाने होत नाही.

मी लॅपटॉपकडे पाहिलं. परीक्षितच्या नकाशावर दरी कोरी होती. भिंतीवरची दरी कोरी नव्हती, ती पांढऱ्या मण्यांनी भरलेली होती. सगळे हाकलले गेले, बोटीत बसले, पसरले, आणि या तिथेच राहिल्या. त्या कुठे गेल्या नाहीत.

बाळं होती ती.

गेलेल्या बाळाचं नाव त्यांनी पुढच्या बाळाला दिलं होतं. आमच्याकडे याच्या बरोबर उलट. माझ्या आईला माझ्याआधी एक मुलगी झाली होती, बारशाला ठेवलेलं तिचं नाव त्यानंतर घरात कोणी उच्चारलंही नाही. म्हणूनच परीक्षितला ते दिसलं नाही आणि मलाही नाही. आमच्या डोक्यात एकच नाव दोनदा आलं की ती चूकच.

कानात आवाज पेनसिल्व्हेनियाला पोचला.

"हॅरोज रन. फ्लोरा, एकोणीसशे त्रेसष्ट."

यावेळी शांतता इतकी लांबली की मला वाटलं रेकॉर्डिंग संपलं. मग तो आवाज म्हणाला, "फ्लोरा, एकोणीसशे पासष्ट. ही बघ, आता स्वयंपाकघरात भांडी आपटतेय."

म्हणजे आजोबा लेकीला विसरले नव्हते. ते तिच्या मोठ्या बहिणीला शोधत होते. आणि जी बहीण होती हे फ्लोराला माहीत नव्हतं, ती कोणीतरी मुद्दाम पुसली होती.

५

डंकन मागच्या अंगणात पानं गोळा करत होते. खाली वाकले की गुडघ्यांचा आवाज ऐकू यायचा. आजोबांना स्ट्रोक आला तेव्हा ते पेनसिल्व्हेनियाहून मदतीला आले आणि इथेच राहिले.

"चोर सापडला का, मॅडम डिटेक्टिव्ह?" ते म्हणाले. "मी तर म्हणतो, तुझ्या पोरीची झडती घे. तिच्या खिशात काल माझ्या चष्म्याची दांडी होती."

"डंकन, ती टाचणी तुमच्याकडे आहे."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दाताळं धरून तसेच उभे राहिले.

"लहान मूल भोक बुजवत नाही," मी म्हटलं. "परीक्षित रविवारी इथे नव्हता. उरलात फ्लोरा आणि तुम्ही. फ्लोराला पांढरी म्हणजे काय हेच माहीत नाही. तिला लपवायचं काय असणार? त्रेसष्ट साली जे घडलं ते माहीत असलेली दोनच माणसं आता जिवंत आहेत. एक अंथरुणावरून उठू शकत नाही. आणि दुसऱ्याने शनिवारी 'एक काढून टाक' म्हणून सांगितलं, ठसका लागला तरी."

त्यांनी दाताळ्याने पानांचा एक ढीग जवळ ओढला.

"बर्फात जन्मली," ते म्हणाले. "बर्फ वितळायच्या आत गेली. खोकला झाला होता, बस. मी बावीस वर्षांचा. पेटी मीच उचलली, आर्चीच्या हातात बळ नव्हतं. हॅरोज रनच्या टेकडीवर पुरली. दगड लावायची ऐपत नव्हती."

"मग दुसरीलाही तेच नाव?"

"आमच्यात पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव द्यायचं. ती म्हातारी फ्लोरा अजून हयात होती. नाव मातीत ठेवून द्यायचं नसतं, ते परत वर आणायचं, असं आमचे लोक मानायचे. आमच्या आज्यांना त्याचं काही वाटलं नाही. पण आयलीनला वाटलं. माझी वहिनी. ती म्हणाली, 'या पोरीला कधी कळू देऊ नका. तिला वाटेल, आपल्याला दुसरीचे उतरलेले कपडे घातलेत.' आम्हा दोघांकडून वचन घेतलं. मरतानाही पुन्हा एकदा घेतलं." त्यांनी शर्टाच्या खिशावर हात दाबला. "आणि आता ते नाव, ते साल लायब्ररीत सगळ्या गावासमोर लागणार होतं. संगणकातून एक निघाली, मग मी भिंतीवरची काढली. आर्चीला इतकं कळत असेल असं मला वाटलं नाही, रेणू. देवाशपथ नाही वाटलं."

"सोमवारी तुम्ही ऐकलंत ना, आजोबा फ्लोराला काय म्हणाले ते?"

"ऐकलं. परत लावायला गेलो होतो. पण लावली असती तर तिने विचारलं असतं, ही कोण?" त्यांचा आवाज फाटला. "आयलीनला काय सांगू मी?"

"गुरुवारी त्यांना वॉर्डात नेतील. फ्लोरा आयुष्यभर समजेल, बापाने शेवटी मला ओळखलं नाही. वहिनींना हे चाललं असतं?"

दाताळं कुंपणाला टेकवून ते घराकडे चालू लागले. पायरीपाशी थांबून, मागे न बघता म्हणाले, "तू बरोबर ये. मला एकट्याला नाही जमणार."

६

फ्लोरा भांडी पुसत होती. डंकननी सांगितलं ते उभ्या-उभ्याच, टोपी हातात धरून, तुटक तुटक. फ्लोरा एकच ताट पुसत राहिली.

"साठ वर्षं," ती शेवटी म्हणाली. "साठ वर्षं तुम्ही तिघं माझ्यासमोर बसून जेवत होतात."

"पोरी..."

"पोरी म्हणू नका मला आत्ता, अंकल डंकन." ताट ठेवताना आपटलं. मग तिचा चेहराच बदलला. "माझ्या वाढदिवसाला आई केक कापून झाला की मागच्या खोलीत जाऊन दार लावायची. आतून रडण्याचा आवाज यायचा. मी दाराबाहेर उभी. दरवर्षी वाटायचं, माझंच काहीतरी चुकलंय. मी पुरेशी चांगली मुलगी नाही."

डंकननी खिशातून टाचणी काढून ओट्यावर ठेवली. फ्लोराने ती उचलली आणि आजोबांच्या खोलीत गेली. आम्ही दारातच थांबलो.

ते जागे होते. फ्लोराने नखाने ती वाळलेली टूथपेस्ट खरवडली, जुन्याच भोकात टाचणी बसवली आणि बाजूला झाली, त्यांना दिसावं म्हणून. आजोबांचं बोट हळूहळू वर आलं.

"फ्लोरा," ते म्हणाले. सोमवारपासूनची ओरड त्यात नव्हती.

"हो डॅड. सापडली." ती पलंगाच्या कडेवर बसली. "आणि मी? मी कोण?"

ते तिच्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते, शब्द हाताला लागत नव्हता. फ्लोराच्या मानेची शीर ताठ झालेली मला दारातून दिसत होती. मग त्यांनी डावा हात भिंतीकडून ओढत आणला, तिच्या गालावर ठेवला, आणि तोच शब्द पुन्हा म्हणाले.

"फ्लोरा."

त्यांच्याकडे दोघींसाठी मिळून तो एकच शब्द होता.

गुरुवारी नर्सने विचारलं, ही कोण? त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, मग घरीच राहू दे. परीक्षितने सगळ्या जोड्या पुन्हा सुट्या केल्या. न सांगताच त्याने पांढऱ्यांना नावं दिली आणि फोनवर नुसतं म्हणाला, "वहिनी, दरी परत भरली."

आर्ची टलीवर्न थँक्सगिव्हिंगच्या आधी गेले, स्वतःच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. शेवटचे काही दिवस मी दुपारी सिया झोपली की बेबी मॉनिटर खिशात टाकून तिथे जाऊन बसत असे. ते डोळे मिटून असायचे. मधेच हाक मारायचे, "फ्लोरा."

फ्लोरा शेजारच्या खुर्चीत विणत असायची. "हो डॅड," म्हणायची.

थोड्या वेळाने पुन्हा, "फ्लोरा."

"हो डॅड. इथेच आहे."

एकदा मला राहवलं नाही. हळूच विचारलं, "कोणाला हाक मारतायत, कळतं तुला?"

तिने सुईवरचे टाके मोजून घेतले.

"मी विचारत नाही," ती म्हणाली. "तिला ओ देता येत नाही ना. मग दोघींची मीच देते."